पाकाविना चिक्की

आपलं स्लाऊ खाऊच्या इतिहासातलं मोठं गाव. हॉर्लिक्सचा कारखाना इथे १९०८ पासून होता आणि १९३२ साली फॉरेस्ट मार्स यांनी पहिला मार्स बार इथेच बनवला. पण दाण्याची वडी म्हटलं की तुम्हाला लोणावळ्याची चिक्कीच आठवणार. गंमत अशी, की शेंगदाणाही मूळचा आपला नाही. तो दक्षिण अमेरिकेचा. समुद्र ओलांडून आला आणि गुळाशी त्याचं जमलं.

चिक्कीला कडक पाक लागतो, म्हणून मुलांना शेगडीपासून लांब ठेवावं लागतं. ही वडी मात्र फ्रिजमध्येच घट्ट होते. वाटीभर पीनट बटर आणि अर्धी वाटी गोल्डन सिरप मंद आचेवर सैल करून घ्या. खाली उतरवून अडीच वाट्या कुरकुरीत सीरियल मुलांना मिसळू द्या. ताटात थापा, दोन तास फ्रिजमध्ये ठेवा, मग वड्या पाडा.

एक मात्र पाळा. दाण्याची अ‍ॅलर्जी जिवावर बेतू शकते, म्हणून इथल्या बऱ्याच शाळांत दाणे चालत नाहीत. वडी डब्यात देऊ नका; घरी आलेल्या मुलांनाही आधी विचारूनच द्या.