शनिवारवाड्यातील हाक



मार्च १७९५ मध्ये निजाम अलीची फौज खर्ड्याहून तुमच्या या परंड्याच्या रोखाने निघाली असता मराठ्यांनी तिला वाटेत गाठले. ११ मार्चच्या लढाईत निजामाची फळी फुटली, तो स्वतः खर्ड्याच्या लहानशा किल्ल्यात कोंडला गेला आणि मुकाट्याने तह मान्य करणे त्यास भाग पडले. त्या स्वारीत पेशवे सवाई माधवराव जातीने हजर होते. त्यांना एकविसावे वर्ष चालू होते. मराठ्यांचे मोठमोठे सरदार एका निशाणाखाली जमले, ते त्या वेळी शेवटचेच. पुढे सात महिने लोटतात न लोटतात तोच, २५ ऑक्टोबरला, हा तरुण पेशवा पुण्यास शनिवारवाड्याच्या वरच्या मजल्यावरून खाली कारंज्यावर पडला आणि २७ तारखेस मरण पावला. तापाच्या भ्रमात तोल गेला की त्यांनी होऊन जीव दिला, हा वाद अजून मिटलेला नाही.

ज्या वाड्यात मुलगा असा गेला, त्याच वाड्यात बावीस वर्षांपूर्वी त्याच्या बापाचा खून झाला होता. शनिवारवाड्याला भुताचा वाडा म्हणतात ते या बापामुळे. पौर्णिमेच्या रात्री ‘काका, मला वाचवा’ अशी हाक तेथे ऐकू येते, असे पुण्यात पिढ्यान्‌पिढ्या सांगतात. पिशाच्च आहे की नाही या वादात मला शिरायचे नाही. माझी तक्रार निराळीच आहे. या हाकेने आपले कान इतके भरून टाकले आहेत की त्या दुपारी घडले काय, कोणी घडवले आणि त्याचा न्याय काय झाला, हे विचारायचेच आपण विसरलो.

वाड्याचा पाया थोरल्या बाजीरावांनी १० जानेवारी १७३० रोजी, शनिवारी, घातला. वास्तुशांत २२ जानेवारी १७३२ रोजी झाली, तोही शनिवारच. त्या वेळी खर्च आला १६,११० रुपये. पुढे नानासाहेबांनी इमारत वाढवली, चौक झाले, कारंजी झाली. दिवाळीत दिवे लागावेत तसे वैभव या घराला लागले आणि त्याबरोबर भाऊबंदकीही आली.

थोरले माधवराव १८ नोव्हेंबर १७७२ रोजी थेऊरला वारले. गादीवर आले त्यांचे धाकटे बंधू नारायणराव, वय सतरा. चुलते रघुनाथराव, म्हणजे दादासाहेब, हे अटकेपर्यंत दौड मारून आलेले लढवय्ये. पण त्यांना याच वाड्यात नजरकैदेत ठेवले होते. ज्याला गादी हवी तो माणूस, जो गादीवर बसला आहे त्याच्याच घरात, दोन चौक पलीकडे कैदी! एवढी विलक्षण व्यवस्था कोणी केली असेल तर ती भोळेपणाने नव्हे, नाइलाजानेच केली असली पाहिजे. त्यांना बाहेर सोडावे तर फौज जमवतील, किल्ल्यावर धाडावे तर घराण्याची अब्रू जाते.

आता गारदी. गारदी म्हणजे कवायती शिकलेले पगारी पायदळ. पानिपतावर इब्राहिमखान गारद्याने त्यांचा लौकिक वाढवला होता. या लोकांना ना वतन ना गाव; त्यांचे इमान पगाराशी बांधलेले. पगार तुंबला की तेही तुंबत. अशांच्या हाती वाड्याचा पहारा होता आणि पैशाची ओरड चालू होती. दादासाहेबांच्या माणसांनी नेमकी ही जागा हेरली. सुमेरसिंग, खरगसिंग, महंमद इसाफ हे गारद्यांचे म्होरके आणि तुळाजी पवार हा दादासाहेबांचा खिदमतगार, यांच्याशी बोलणे झाले, रकमा ठरल्या. जगात राजवाड्यांतले खून बहुधा असेच होतात. रोममध्ये तर पहाऱ्याच्या पलटणीने बादशाही लिलावात काढली होती, इ. स. १९३ मध्ये!

३० ऑगस्ट १७७३. भाद्रपदाचा शुक्लपक्ष, गणपतीचे दिवस. कटाची कुणकुण सकाळीच नारायणरावांच्या कानी आली होती. त्यांनी हरिपंत फडक्यांना बंदोबस्त करण्यास सांगितले. हरिपंत म्हणाले करतो, आणि जेवावयास गेले. राज्ये कधीकधी अशी एका पंगतीपायी हातची जातात. दुपारी गारदी पगाराचा ओरडा करीत आत घुसले, अडवतील त्यांना कापीत चालले. नारायणराव आधी पार्वतीबाईंकडे धावले, आणि तेथून चुलत्यांकडे. चुलत्यांच्या अंगाला मिठी मारली असता तुळाजीने त्यांना ओढून काढले आणि सुमेरसिंगाने वार केला. चापाजी टिळेकर नावाचा सेवक धन्याच्या अंगावर पडला आणि त्याच्याबरोबरच तुटला.

अर्ध्या तासात अकरा माणसे मेली. त्यांत कारकून होते, सेवक होते, दोन दासी होत्या. एक गायही मारली गेली. रात्री मुठेच्या काठी नारायणरावांचे दहन उरकण्यात आले. ज्या दरवाज्यातून प्रेत बाहेर नेले, त्याला आजही नारायण दरवाजा म्हणतात. मला नेहमी वाटते, अकरा जण मेले आणि हाक ऐकू येते ती एकाचीच. चापाजीला काका नव्हता. त्या दोन दासींना पौर्णिमेच्या रात्री ओरडण्याची परवानगी कोणी दिलेली नाही.

यानंतरचा भाग मला सर्वांत मोलाचा वाटतो, कारण तो भुताचा नाही, माणसाचा आहे. राज्य दादासाहेबांच्या हाती आले असताना न्यायाधीश रामशास्त्री प्रभुणे यांनी चौकशी चालवली. गारदी कोणाकडून फिरले, पैसा कोठून आला, निरोप कोणी नेले, असे धागे काढीत ते सुमारे पन्नास माणसांपर्यंत पोचले आणि त्या धाग्यांचे टोक दादासाहेबांच्या हाती होते. शास्त्रीबुवांनी धन्याला तोंडावर सांगितले की या पापाला देहान्तच प्रायश्चित्त आहे, आणि पुणे सोडून ते वाईकडे निघून गेले. खाडिलकरांच्या ‘भाऊबंदकी’ने १९०९ मध्ये आणि प्रभातच्या ‘रामशास्त्री’ चित्रपटाने १९४४ मध्ये हा प्रसंग घराघरांत पोचवला, म्हणून बरे.

‘ध चा मा’ ही गोष्टही अशीच घराघरांत पोचली आहे. ‘धरावे’ असे पत्रात होते, आनंदीबाईंनी त्याचे ‘मारावे’ केले, असे ती सांगते. गोष्ट खुमासदार आहे, पण मला ती सोयीची वाटते. एका अक्षरात सारा कट बसवला आणि ते अक्षर बाईच्या हातचे ठरवले, म्हणजे बाकीचे पन्नास जण सुटले; आणि आपल्या पुतण्याला धरण्यास गारदी सोडणारा पुरुषही जवळजवळ सुटला!

वाडाही ती हाक सांभाळण्यास फार दिवस उरला नाही. बिशप हेबर १८२५ मध्ये पुण्यास आला, तेव्हा वाड्यात खाली तुरुंग होता आणि वर दवाखाना व वेड्यांचे इस्पितळ होते. तेथे रात्री ओरडण्याचे आवाज येत असतील तर त्यासाठी नारायणरावांना परत यावे लागत नव्हते. २७ फेब्रुवारी १८२८ रोजी आग लागली आणि आठवडाभर ती धुमसत राहिली. लाकडी मजले, महाल, सज्जे सारे जळाले. आज तटबंदी, दरवाजे, नगारखाना आणि जोती एवढेच दिसते. ज्या दालनात वार झाला त्याला छतच नाही.

खुन्यांचे पुढे काय झाले? बारभाईंनी गादी दादासाहेबांच्या हाती टिकू दिली नाही. नारायणरावांच्या पत्नी गंगाबाई गरोदर होत्या, त्यांना पुरंदरावर नेले. १८ एप्रिल १७७४ रोजी तेथे सवाई माधवराव जन्मले आणि चाळीस दिवसांचे बालक पेशवा झाले. दादासाहेब इंग्रजांकडे गेले. ६ मार्च १७७५ रोजी सुरतेचा तह झाला आणि त्यातून सात वर्षांचे युद्ध उभे राहिले. सालबाईच्या तहाने ते संपले, आणि १७८३ च्या डिसेंबरात दादासाहेब कोपरगावी वारले. एकेक करून हिशोब चुकता होत आला होता.

पण खर्ड्याचा तो विजयी पेशवा कारंज्यावर पडला आणि त्याला मूल नव्हते. वारसाचा शोध सुरू झाला, वर्षभर कारस्थाने चालली आणि शेवटी, १७९६ च्या डिसेंबरात, त्या वाड्यात पेशवा म्हणून आले ते दुसरे बाजीराव, दादासाहेबांचे चिरंजीव. एकवीस वर्षांनी, १७ नोव्हेंबर १८१७ रोजी, बाळाजीपंत नातूंनी त्याच वाड्यावर इंग्रजांचे निशाण चढवले.