तोफांचे नांगर आणि नदीचे पाणी

१९१४ साली पहिले महायुद्ध सुरू झाले आणि हिंदुस्थानात लोखंडाचा तुटवडा पडला. दक्षिण महाराष्ट्रात लोखंडी नांगर तयार करणाऱ्या लक्ष्मणराव किर्लोस्करांच्या कारखान्याला कच्चा माल मिळेना. या अडचणीच्या काळात कोल्हापूरचे छत्रपती शाहू महाराज त्यांच्या मदतीला आले. संस्थानात निकामी होऊन पडलेल्या जुन्या तोफा त्यांनी किर्लोस्करांना दिल्या. त्या वितळवून त्यांचे नांगर ओतण्यात आले. शस्त्रे मोडून त्यांची शेतीची अवजारे होतील, असे स्वप्न यशया संदेष्ट्याने पाहिले होते. आगमनकाळात आपण ते वाचन दरवर्षी ऐकतो. कोल्हापूरच्या भूमीवर ते स्वप्न, लहान प्रमाणात का होईना, भट्टीत उतरले.

या घटनेतील एक गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. महाराजांनी कारखानदाराला केवळ उपकृत केले, असे म्हणता येणार नाही. त्यांच्या रयतेला चांगला नांगर हवा होता. कारखानदारानेही नफा बाजूला ठेवून धर्मकार्य आरंभिले नव्हते. त्याचा धंदाच असा होता की, तो नीट चालला तर शेतकऱ्याचे भले व्हावे. उद्योगाने समाजाला स्वेच्छेने काय द्यावे, हा प्रश्न अलीकडे वारंवार चर्चिला जातो. त्याचे उत्तर शोधण्यासाठी फार दूर जाण्याचे कारण नाही. कोल्हापूर आणि त्याच्या परिसराचा शंभर वर्षांचा इतिहास त्यासाठी पुरेसा बोलका आहे. त्यात अभिमानाची पाने आहेत, तशीच मान खाली घालावयास लावणारीही आहेत.

लक्ष्मणरावांचा जन्म १८६९ सालचा. मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत ते चित्रकला शिकावयास गेले; परंतु रंग ओळखण्याच्या बाबतीत दृष्टी अधू असल्याने कुंचला खाली ठेवून ते यंत्रांकडे वळले. बेळगावात त्यांनी सायकलींचे दुकान काढले, पुढे कडबा कापण्याचे यंत्र व लोखंडी नांगर तयार केले. लोखंडाने जमीन विषारी होते, अशी शेतकऱ्यांची समजूत असल्याने आरंभी हे नांगर गिऱ्हाइकाची वाट पाहत पडून राहिले. धंदा कुठे बसू लागला, तोच बेळगावातील कारखान्याची जागा सोडण्याची पाळी आली. तेव्हा औंध संस्थानचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी कुंडल रोड रेल्वे स्थानकाजवळ बत्तीस एकर माळरान व दहा हजार रुपयांचे कर्ज देऊ केले. १९१० साली निवडुंगाने भरलेल्या, सापांचा सुळसुळाट असलेल्या त्या माळावर किर्लोस्करवाडी उभी राहू लागली. आज हे गाव सांगली जिल्ह्यात आहे.

माळावर कारखाना उभा करायचा, तर कामगारांना राहावयास घरे हवीत, पिण्यास पाणी हवे, मुलांना शाळा हवी. या गोष्टी पुरविल्या नाहीत, तर कुशल कारागीर तेथे टिकणार कसा? म्हणजे वसाहत उभारण्यात मालकाचा व्यवहारही होता, हे मोकळेपणाने मान्य केले पाहिजे. पण नुसता व्यवहारच असता, तर किर्लोस्करवाडी तेवढ्यावरच थांबली असती. ती थांबली नाही. वाडीत अस्पृश्यता पाळावयाची नाही, असा लक्ष्मणरावांचा दंडक होता. तुरुंगातून शिक्षा भोगून आलेल्या माणसांना गावोगावी कोणी दारात उभे करीत नसे. अशांना त्यांनी रात्रीच्या पहाऱ्यावर नेमले. ज्याच्यापासून तिजोरी राखायची, त्याच्याच हाती तिची राखण सोपविणे, हा विश्वास कोणत्याही जमाखर्चाच्या वहीत मांडता येत नाही. पुढे १९२० साली शंकरराव किर्लोस्करांनी कारखान्याच्या प्रचारासाठी एक लहानसे पत्रक काढले. त्यातूनच ‘किर्लोस्कर’ मासिक वाढीस लागले, आणि १९३० साली निघालेल्या ‘स्त्री’ मासिकाने मराठी घरांतील लेकीसुनांना वाचते आणि लिहिते केले. नांगराच्या कारखान्याने भाषेची व समाजाची अशी मशागत करावी, हे खरोखर नवल होय.

त्याच सुमारास जगात अन्यत्रही असे प्रयत्न चालू होते. जमशेदपूरच्या टाटांच्या पोलाद कारखान्यात १९१२ साली, कायद्याची सक्ती नसताना, आठ तासांचा कामाचा दिवस सुरू झाला. त्याही आधी फ्रान्समध्ये रॅंस शहराजवळ लिओन हार्मेल या कॅथलिक गिरणीमालकाने आपल्या सूतगिरणीत कामगारांसाठी घरे, शाळा व साहाय्य निधी उभारले. कामगारांचे प्रतिनिधी ज्यात बसतील, असे मंडळही त्याने गिरणीत स्थापन केले. कामगारांचे मोठे जथे घेऊन तो रोमची यात्रा करी. त्याला व त्याच्या कामगारांना भेटणारे पोप लिओ तेरावे यांनीच १८९१ साली ‘रेरुम नोव्हारुम’ हे परिपत्रक प्रसृत केले. त्या परिपत्रकातील विचारांचा क्रम मोलाचा आहे. कामगाराला सभ्यपणे जगता येईल एवढे वेतन देणे ही दया नसून न्याय आहे. न्यायाचे देणे चुकते केल्यावर जे उरते, त्यातून दानधर्म. हा क्रम उलटा करून, कामगाराचे वेतन कापून मंदिरास वा चर्चला घंटा वाहणारा मालक उदार ठरत नाही.

तथापि, मालकाच्या सदिच्छेवर उभ्या असलेल्या व्यवस्थेला एक मर्यादा असते. मालक चांगला असेल तोवर सर्व ठीक. त्याची गादी दुसऱ्याकडे गेली, तर काय? स्वातंत्र्योत्तर काळात या प्रश्नाला कोल्हापूर जिल्ह्याने सहकाराच्या रूपाने उत्तर दिले. पन्हाळा तालुक्यात वारणा नदीच्या काठी तात्यासाहेब कोरे यांनी सहकारी साखर कारखाना उभा केला. त्याच्याभोवती दूधसंघ, महाविद्यालये, ग्राहकांसाठी बाजार आणि ग्रामीण मुलांचा बालवाद्यवृंदही उभा राहिला. जेथे पूर्वी ओसाड माळ होता, तेथे वारणानगर वसले. येथे मालक एक नव्हता. ऊस पिकविणारा सभासद शेतकरी हाच मालक होता. सहकारी साखर कारखान्यांच्या परिसरात ज्या शाळा, दवाखाने निघाले, त्यांपैकी पुष्कळांना उसाच्या बिलातून कापलेल्या पैशांचा आधार मिळाला. म्हणून त्यांवर कोणाचेही नाव कोरलेले असो, खरा दाता तो अनाम शेतकरी होय. अशा ठिकाणी दानाचा हिशेब सभासदापुढे मांडणे हे उपकार नसून कर्तव्य ठरते.

आता दुसऱ्या पानाकडे वळू. कासारी, कुंभी, तुळशी व भोगावती या नद्यांच्या संगमातून पंचगंगा तयार होते आणि नृसिंहवाडीला कृष्णेस मिळते. पाचवी, सरस्वती, गुप्त आहे अशी श्रद्धा आहे. याच नदीने ऊस पिकविला, कारखाने चालविले, इचलकरंजीच्या मागांवरील कापड धुतले आणि रंगविले. नदीने दिले, त्याची परतफेड मात्र मळीमिश्रित पाणी, रंगाचे रसायन आणि शहरांचे सांडपाणी यांनी झाली. शिरोळ तालुक्यातील तेरवाडच्या बंधाऱ्यापाशी मेलेल्या माशांचा खच तरंगताना लोकांनी अनेकदा पाहिला आहे. २०१२ साली इचलकरंजीत दूषित पाण्यातून काविळीची साथ पसरली आणि तीत अनेकांना प्राण गमवावे लागले. हा दोष एकट्या उद्योगाचा नव्हे. नगरपालिका, महानगरपालिका आणि आपण नागरिकही त्यात वाटेकरी आहोत. पण ज्या परिसरात उद्योगाने शाळा काढल्या, वाद्यवृंद घडविले, त्याच परिसरात नदीच्या वाट्याला मात्र उपेक्षा आली, ही विसंगती नजरेआड करता येत नाही. जलप्रदूषण रोखण्याचा कायदा १९७४ सालीच झाला होता. जो कायद्याने बांधील असूनही घाण पाणी सोडतो, त्याच्या स्वेच्छादानाला किती मोल द्यावे?

२०१३ च्या कंपनी कायद्याने या विषयाला नवे वळण दिले. ज्या कंपनीचे नक्त मूल्य पाचशे कोटी रुपये, किंवा उलाढाल एक हजार कोटी, किंवा निव्वळ नफा पाच कोटी वा त्याहून अधिक असेल, तिने मागील तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे किमान दोन टक्के सामाजिक कार्यावर खर्च करावेत, अशी तरतूद या कायद्याच्या १३५ व्या कलमात आहे. १ एप्रिल २०१४ पासून ती अमलात आली. प्रारंभी खर्च न करणाऱ्या कंपनीने कारण दिले की भागत असे. २०२१ पासून न खर्चिलेली रक्कम ठरावीक निधीत भरणे वा पुढील कामासाठी स्वतंत्र खात्यात ठेवणे बंधनकारक झाले. या कायद्यामुळे शाळांना इमारती मिळाल्या, रुग्णालयांना यंत्रे मिळाली, गावोगाव झाडे लागली. हे नाकारण्याचे कारण नाही.

परंतु कायद्याची गणना कोठून सुरू होते, हे पाहण्यासारखे आहे. केवळ स्वतःच्या कामगारांच्या हितासाठी केलेला खर्च या दोन टक्क्यांत धरला जात नाही. म्हणजे लक्ष्मणरावांनी माळावर कामगारांसाठी बांधलेली घरे आजच्या हिशेबात शून्य ठरतील. कारखान्याने स्वतःचे सांडपाणी स्वच्छ केले, तर तेही त्यात मोजले जाणार नाही, कारण ते त्याचे कर्तव्यच आहे. कायद्याच्या दृष्टीने हे योग्य आहे. कर्तव्याला दान म्हणू नये. पण त्यामुळे एक भ्रम निर्माण होतो. फाटकाबाहेर दोन टक्के खर्च केले, अहवालात छायाचित्रे छापली, की उद्योगाची समाजाशी असलेली देवघेव पुरी झाली, असे वाटू लागते. उरलेल्या अठ्ठ्याण्णव टक्क्यांचे काय? तो नफा कोणाच्या घामातून, कोणत्या नदीच्या पाण्यातून आला, हे त्या दोन टक्क्यांत दिसत नाही. शिवाय हे कलम कंपन्यांना लागू आहे, सहकारी संस्थांना नाही. कोल्हापुरातील लहान लहान फाउंड्र्या आणि यंत्रशाळांपैकी बहुतेक त्या मर्यादेच्या खालीच राहतील. म्हणजे या भूमीतील बराचसा उद्योग आजही केवळ आपल्या सदसद्विवेकालाच उत्तरदायी आहे.

सुदैवाने विवेक जागा असल्याची उदाहरणेही याच जिल्ह्यात सापडतात. अतिरिक्त पाणी व रासायनिक खते यांमुळे शिरोळ तालुक्यातील कसदार जमीन क्षारपड झाली. जेथे ऊस डोलत होता, तेथे मिठाचा पांढरा थर दिसू लागला. शिरोळच्या श्री दत्त सहकारी साखर कारखान्याने पुढाकार घेऊन शेतकऱ्यांना एकत्र केले. जमिनीखाली सच्छिद्र नळ टाकायचे, साठलेले खारे पाणी निचरा करून बाहेर काढायचे, अशी ही पद्धत आहे. एकट्याने हे काम होत नाही, कारण पाणी एकाच्या बांधावर अडत नाही. शेजाऱ्याने संमती दिल्याशिवाय नळ पुढे जात नाही. पडीक झालेल्या जमिनीत पुन्हा पीक उभे राहिले. येथे कारखान्याने दानशूरपणाचा आव आणला नाही. उसाच्या शेतीने जे बिघडविले, ते सुधारण्यास उसाचाच कारखाना पुढे आला. पोप फ्रान्सिस यांनी २०१५ साली ‘लाउदातो सी’ या परिपत्रकात धरित्रीची हाक आणि गरिबांची हाक वेगळ्या नाहीत, असे जे प्रतिपादन केले, त्याचा प्रत्यय शिरोळच्या त्या बांधावर येतो. जमीन मेली तेव्हा तिचा धनी कर्जबाजारी झाला. जमीन जगली तेव्हा त्याची चूल पेटली.

या साऱ्या इतिहासातून एवढेच म्हणावयाचे आहे की, उद्योगाच्या औदार्याची परीक्षा त्याच्या फाटकाच्या आत सुरू होते. कामगाराचे वेतन, त्याची सुरक्षितता, धुराडे आणि सांडपाण्याचे गटार ही चार ठिकाणे पाहून मगच देणगीची पाटी वाचावी. आपल्या धर्मग्रामांतील कित्येक कुटुंबे औद्योगिक वसाहतींत नोकरी करतात. काहींची स्वतःची वर्कशॉप्स, बेकऱ्या, दुकाने आहेत. अनेकजण पतपेढ्यांचे सभासद आणि संचालक आहेत. ज्याच्या हाताखाली दोन माणसे काम करतात, तोही या अर्थाने कारखानदारच आहे. सभासदाने वार्षिक सभेत चहा-फराळ घेऊन परतण्याऐवजी एक प्रश्न विचारावा: आपल्या संस्थेच्या पैशातून जो धंदा उभा राहतो, त्याचे सांडपाणी कोठे जाते? हा प्रश्न विचारण्यास कोणत्याही कलमाची आवश्यकता नाही, आणि तो विचारणारा एकजण उठला की दुसऱ्यालाही उठण्याचे धैर्य येते.