कुंचल्याचे अक्षर

देवनागरीला वळण दिले ते बोरूने. तिरप्या कापलेल्या त्याच्या टोकामुळे रेघ कोठे जाड, तर कोठे बारीक उमटे. एकोणिसाव्या शतकात जावजी दादाजींच्या निर्णयसागर छापखान्याने हेच वळण शिशाच्या खिळ्यांत सुबकपणे उतरविले. परंतु ग्रंथ डोळ्यांजवळ धरून वाचावयाचा असतो. दुकानाची पाटी रस्त्यापलीकडून वाचावी लागते. ते काम कुंचल्याकडे आले. कोल्हापूरच्या बाबूराव मेस्त्री यांना तर चित्रकारीवरून ‘पेंटर’ हेच नाव चिकटले. आपल्या मूकपटांची भित्तिपत्रके ते स्वतः रंगवीत.

भिंतीवरचे अक्षर ओबडधोबड असते, ते काही अज्ञानामुळे नव्हे. भिंत खरबरीत असते आणि रंग संपत आला की फटकाऱ्याची कड फाटते. या फाटक्या कडेतच हाताचा वेग दिसतो आणि वाटसरूचे लक्ष वेधले जाते. जाहिरातदारांनी हे ओळखले. अमेरिकेत रॉबर्ट स्मिथ यांनी १९४२ साली ‘ब्रश स्क्रिप्ट’ हा टाइप घडविला. फ्रान्समध्ये रोजे एक्सकोफाँ यांचे ‘मिस्त्राल’ १९५३ साली व ‘शोक’ १९५५ साली आले आणि तेथील दुकानांच्या पाट्यांवर चढले.

यात एक अडचण मात्र होतीच. कुंचल्याचे कोणतेही दोन ‘क’ सारखे नसतात. खिळ्याचे सगळे ‘क’ एकच असतात. त्यातून देवनागरीत काना, मात्रा, वेलांटी, रफार आणि जोडाक्षरे यांचा पसारा मोठा. म्हणूनच मराठी पुस्तकांची मुखपृष्ठे व दिवाळी अंकांची शीर्षके दीर्घकाळ दीनानाथ दलालांसारख्या चित्रकारांच्या हातानेच सजत राहिली.

संगणक आला आणि ही अडचण बरीचशी सुटली. मुंबईच्या उपनगरी रेल्वेच्या हाताने रंगविलेल्या पाट्यांवरून कॅथरीन श्मिट यांनी ‘यात्रा’ हा फाँट रचला. त्या पाट्यांवर कुंचल्याने बोरूचाच तिरपा फटकारा गिरविला होता. अशा रीतीने बोरूचे वळण कुंचल्यामार्गे पुन्हा टाइपात परतले. हनीफ कुरेशी (मृत्यू २०२४) यांनी गावोगावच्या पेंटरांची अक्षरे गोळा करून त्यांचे फाँट केले व त्यांना त्या पेंटरांचीच नावे दिली. एरवी अनामिक राहणाऱ्या कारागिराला त्याच्या अक्षराचे श्रेय मिळाले, ही गोष्ट लहान नव्हे.

याच काळात फ्लेक्सच्या छापील फलकांनी मात्र पेंटरांचे काम हिरावून घेतले. संगणकावर जुळविलेले अक्षर एका रात्रीत छापून येऊ लागले, तेथे शिडीवर चढणाऱ्या माणसाचा पाड कसा लागावा? फाँट अक्षराची आकृती जतन करतो. परंतु भिंतीची लांबी नजरेने मोजून नेमके तेवढ्यात नाव बसविणारी दृष्टी त्याला जतन करता येत नाही. ती हातातून हातात जाते, आणि हात रिकामे झाले की थांबते.