बालेवाडीचं तिकीट आणि निलंग्याचा फॅन

परवा विकांताला कपाट आवरत होतो. (खरं म्हणजे आवरायला लावलं होतं, पण ते असो.) जुन्या लॅपटॉपच्या बॅगेत एक चुरगळलेलं तिकीट सापडलं. बालेवाडी स्टेडियम, एफसी पुणे सिटीची मॅच. शाई जवळजवळ उडालेली. लगेच फोटो काढून ऑफिसातल्या कोल्हापूरकर मित्राला पाठवला. थोडं कौतुक होईल अशी माफक अपेक्षा होती. उत्तर आलं, "एवढ्या वर्षांत एकच? बाकीच्या मॅचा सोफ्यावर बघितल्यास व्हय? ग्राऊंडवर जातोय त्यो फॅन, बाकी सगळे नुसते बघे!"

आता हा माणूस शाहू स्टेडियमच्या गॅलरीत लहानाचा मोठा झालेला. त्याच्याशी फुटबॉलवर वाद घालायचा तर हरायची तयारी ठेवूनच. पण ह्या वेळी माझ्याकडे एक साक्षीदार होता. माझे आजोबा, आमचे आबा. निलंग्याचे. आयुष्यात त्यांनी मैदानावर जाऊन एकही मोठी मॅच बघितली नाही, आणि मला भेटलेला सगळ्यात पक्का फॅन म्हणजे तेच.

त्यासाठी थोडा इतिहास सांगायला हवा. निलंगा आज लातूर जिल्ह्यात आहे. पण घर तसूभर न हलता आमच्या घराचा पत्ता तीनदा बदललाय. ३१ ऑक्टोबर १९५६ पर्यंत निलंगा तालुका हैदराबाद राज्यात, बीदर जिल्ह्यात होता. १ नोव्हेंबरला तो मुंबई राज्यात आला, उस्मानाबाद जिल्ह्यात. १९६० मध्ये महाराष्ट्र झाला. आणि १६ ऑगस्ट १९८२ ला लातूर जिल्हा वेगळा निघाला. म्हणजे आबांच्या तरुणपणी 'शहर' म्हणजे पुणे-मुंबई नाही, हैदराबाद. शिक्षण उर्दूत, कोर्टकचेरी उर्दूत. आणि फुटबॉल म्हणजे हैदराबाद सिटी पोलीस.

हे मला कळलं १९९८ च्या वर्ल्ड कपच्या वेळी. मी टीव्हीसमोर ठाण मांडून बसलो होतो. आबा मागून आले.

"काय बघायलास रे?"

"ब्राझील आहे, आबा."

"हं. आमच्या पोलिसांनी सलग पाच वर्षं कप नेला होता, ठाऊक हाय का?"

मला वाटलं म्हाताऱ्याचा काहीतरी घोळ होतोय. तेवढ्यात नेहमीप्रमाणे लाईट गेली, आणि अंधारात आबांनी सगळं सांगितलं. पुढे मी ते तपासलं. (सवय! लॉग बघितल्याशिवाय विश्वास बसत नाही.) घोळ अजिबात नव्हता. मुंबईत भरणारा रोव्हर्स कप ही १८९१ पासूनची स्पर्धा, देशातल्या सगळ्यात जुन्या स्पर्धांपैकी एक. हैदराबाद सिटी पोलिसांनी ती १९५० ते १९५४ अशी सलग पाच वेळा जिंकली. शिवाय १९५० चा ड्युरँड कप, तोही फायनलमध्ये मोहन बागानला हरवून.

पण खरी गोष्ट पुढेच आहे. आबा हे निकाल वाचत नव्हते, ऐकत होते. त्यांचे एक दोस्त होते, आम्ही त्यांना चाचा म्हणायचो. बीदरकडून बसने उर्दू पेपर यायचा, दोन-दोन दिवस शिळा. चाचा तो मोठ्याने वाचायचे आणि पाच-सहा जण भोवती बसायचे. आबांना स्वतःला उर्दू वाचता यायचं. तरी ते चाचांकडे जायचे.

का, ते कळायला १९४८ माहीत हवं. पुण्या-मुंबईच्या माझ्या बऱ्याच मित्रांना १७ सप्टेंबरचा मुक्तिसंग्राम दिन म्हणजे मराठवाड्यातली एक सुट्टी एवढंच माहीत असतं. आधी रझाकारांनी गावोगाव केलेले अत्याचार. मग सप्टेंबर १९४८ मधली पोलिस ॲक्शन, निजामाचं राज्य संपलं. आणि त्यानंतर साध्या मुसलमान कुटुंबांवर उगवलेला सूड. नेहरूंनी पाठवलेल्या पंडित सुंदरलाल यांच्या समितीने सगळ्यात जास्त झळ बसलेल्या जिल्ह्यांमध्ये बीदरचं नाव घेतलंय. आमचा तालुका तेव्हा त्याच जिल्ह्यात.

आबा आणि चाचा त्यानंतर दीड-दोन वर्षं एकमेकांशी बोलत नव्हते. भांडण झालं नव्हतं. बोलायला काही सुचतच नव्हतं, असं आबा म्हणायचे. १९५० मध्ये एक दिवस रस्त्यात चाचा दिसले, हातात पेपर. आबांनी विचारलं, "पोलिसानं काय केलं?" चाचा म्हणाले, "जीत गए." बस्स. दुसऱ्या दिवसापासून बैठक सुरू.

ह्यातली गंमत बघा. संघाचं नावच 'पोलीस'. स्वातंत्र्याची चळवळ करणाऱ्यांनी निजामी पोलिसांच्या लाठ्या खाऊन दोन-तीन वर्षंही झाली नव्हती. आणि तरीही निलंग्यात बसून लोक म्हणायचे, आपले पोलीस जिंकले. मैदान बघितलेलं नाही, खेळाडूचा चेहरा माहीत नाही. पण त्या निकालाची त्यांना गरज होती. बोलायला तेवढी एकच गोष्ट उरली होती जी दोघांचीही होती.

त्या संघाचे गुरू सय्यद अब्दुल रहीम. पेशाने शिक्षक, पुढे भारताचे प्रशिक्षक. ('मैदान' हा २०२४ चा सिनेमा त्यांच्यावरच आहे.) १९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये भारत चौथा आला. १ डिसेंबरला ऑस्ट्रेलियाला ४-२ हरवलं, त्यात मुंबईच्या नेव्हिल डिसूझाची हॅटट्रिक. आमचा तालुका बरोबर महिनाभरापूर्वी मुंबईच्या खात्यात जमा झाला होता! आबा म्हणायचे, कोच जुन्या राज्याचा, गोल नव्या राज्याचे, आपल्याला काय, दोन्हीकडून फायदाच :)

आता मित्राच्या मुद्द्यावर येऊ. मैदानात बसलेला तो फॅन, हे काही नेहमी खरं नसतं. ४ सप्टेंबर १९६२, जकार्ता, आशियाई स्पर्धेची फायनल. सुमारे लाखभर माणसं मैदानात, आणि बहुतेक सगळी भारताच्या विरोधात. इस्राएल आणि तैवानला स्पर्धेबाहेर ठेवल्याबद्दल भारताच्या गुरुदत्त सोंधींनी आक्षेप घेतला होता, त्याचा राग. आपलं राष्ट्रगीत हुर्यो करून दाबलं गेलं. रहीमसाहेबांच्या पोरांनी दक्षिण कोरियाला २-१ हरवून सुवर्णपदक घेतलं. त्या दिवशी भारताचे फॅन होते कुठे? स्टेडियममध्ये मूठभर. बाकीचे निलंग्यासारख्या ठिकाणी, रेडिओजवळ किंवा दोन दिवसांनी येणाऱ्या पेपरची वाट बघत. पुढच्याच वर्षी, जून १९६३ मध्ये, रहीमसाहेब कॅन्सरने गेले.

आपल्याकडे हा वाद तसा जुनाच आहे. सावता माळी कधी पंढरपूरला गेले नाहीत अशी परंपरा सांगते. मळ्यातच त्यांना विठ्ठल भेटला. त्यांना कोणी कमी भक्त म्हणतं का?

इथपर्यंत लिहून मी मित्राला पाठवलं. म्हटलं, बोल आता. तो म्हणाला, "आबा मोठेच. मान्य. पण सगळेच सावता माळी झाले असते, तर वारी राहिली असती का?"

आणि इथे मी गप्प झालो. कारण रोव्हर्स कप २००० च्या मोसमानंतर बंद पडला. हैदराबादचं फुटबॉल सत्तरच्या दशकापासून उतरणीला लागलं. आबा शेवटपर्यंत फॅन राहिले, पण त्यांच्या प्रेमाचा त्या संघाला काडीचा उपयोग झाला नाही. माझं तरी काय? एफसी पुणे सिटी २०१९ मध्ये बंद झाला आणि लीगमध्ये त्याची जागा घेतली कोणी, तर हैदराबाद एफसीने! २०२२ मध्ये तो आयएसएलचा विजेताही झाला. २०२५ मध्ये तो संघही नाव बदलून दिल्लीला गेला.

कोल्हापूर मात्र जागचं हललेलं नाही. कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशन १९४० ची. पाटाकडील, शिवाजी तरुण मंडळ, खंडोबा, दिलबहार, बालगोपाल... तालमी आणि तरुण मंडळांचे संघ, आणि गॅलरीत त्यांची अख्खी गल्ली. कधी हुल्लडबाजीही होते, ते मित्रही नाकारत नाही. पण तिथला पोरगा ज्याच्या नावाने ओरडतो, तो खेळाडू दुसऱ्या दिवशी त्याला दुधाच्या रांगेत भेटतो. त्याच शहराचा अनिकेत जाधव २०१७ चा सतरा वर्षांखालचा वर्ल्ड कप खेळला. हैदराबाद एफसीच्या २०२२ च्या विजेत्या संघातही तो होता. आबा असते तर म्हणाले असते, बघ, कोच नाही तर नाही, खेळाडू तरी आपल्याकडचा!

तर माझ्यापुरता निकाल असा: मैदानावर गेल्याने माणूस मोठा फॅन होत नाही. ते ज्याचं त्याचं आत असतं, आणि आबांइतकं माझ्यात नाही हे मला माहीत आहे. पण मैदानावर गेल्याने खेळ टिकतो. लांबून प्रेम करणारा खेळाकडून घेतो, गॅलरीतला थोडं परतही देतो. आबांना जायची सोय नव्हती. मला होती. बालेवाडी माझ्या ऑफिसपासून वीस मिनिटांवर, आणि पाच मोसमांत मी एकदा गेलो.

तिकीट आता पाकिटात ठेवलंय. मित्राला सांगितलंय, पुढच्या मोसमात शाहू स्टेडियमला नेच. तो म्हणाला, "ये की. पण कुणाच्या बाजूनं बसायचं ते आधीच ठरवून ये."