सागाची पाने जाळीदार करणारा पतंग

युटेक्टोना मॅकेरॅलिस हा क्रॅम्बिडी कुळातील लहान निशाचर पतंग असून त्याच्या अळ्या मुख्यतः सागाच्या पानांवर उपजीविका करतात. १८५९ मध्ये फ्रान्सिस वॉकर यांनी त्याचे शास्त्रीय वर्णन केले. पूर्वीच्या ग्रंथांत त्याचा उल्लेख पायरॉस्टा मॅकेरॅलिस या नावाने आढळतो. विदर्भासह मध्य भारतातील सागवनांत तो सर्वत्र आढळतो.

ओळख
पंखविस्तार सुमारे २ ते २.५ सेंमी. पुढचे पंख पिवळे असून त्यांवर तांबूस-गुलाबी नागमोडी रेषा असतात. रंगछटांत बरीच विविधता दिसते. दिवसा हा पतंग झाडोऱ्यात दडून बसतो.

जीवनक्रम
मादी पानांवर सुटी सुटी अंडी घालते. अळी हिरवट असते. ती पानावर रेशमी धाग्यांचे विरळ आच्छादन विणून त्याखाली राहते व शिरांमधला हिरवा भाग खाते. शिरांचे जाळे मात्र शिल्लक राहते. पूर्ण वाढलेली अळी पानातच कोष करते. गळून पडलेल्या पाचोळ्यातही कोष सापडतात. वर्षभरात अनेक पिढ्या होतात.

साम्य व भेद
हायब्लिया प्युएरा ही सागावरील दुसरी प्रमुख कीड होय. तिच्या पतंगाचे मागचे पंख काळे व नारिंगी असतात. तिची अळी पावसाळ्याच्या आरंभी कोवळी पाने शिरांपर्यंत फस्त करते. जाळी करणारी अळी मात्र पावसाळ्याच्या उत्तरार्धात जून पानांवर वाढते. केरळमधील पॅलिगा डॅमॅस्टेसॅलिस ही जाती दिसण्यात इतकी सारखी आहे की, तेथील जुन्या नोंदींत दोहोंची गल्लत झालेली आहे. जननेंद्रियांच्या सूक्ष्म तपासणीने त्या निश्चितपणे वेगळ्या ओळखता येतात.

नुकसान व नियंत्रण
प्रादुर्भाव मोठा असल्यास पानगळीच्या हंगामापूर्वीच सागवन दुरून करपल्यासारखे दिसते. तरीही झाडे सहसा मरत नाहीत, कारण तोवर त्यांची वर्षातील बहुतेक वाढ झालेली असते. याउलट, कोवळी पाने गेल्याने होणारी हानी मोठी असते: नीलांबूर येथील तरुण लागवडीत हायब्लियामुळे लाकडाच्या संभाव्य वाढीत सुमारे ४४ टक्के घट आढळली होती. म्हणून फवारणीचा निर्णय घेण्यापूर्वी कीड नेमकी ओळखणे आवश्यक ठरते. अळ्यांवर वाढणाऱ्या परजीवी गांधीलमाश्या, कोळी व पक्षी हे या पतंगाचे नैसर्गिक शत्रू असून सरसकट फवारणीने त्यांचाही नाश होतो.