बेल्जियमचीं कुळें व जन्ममृत्यूचीं दप्तरें

राजेरजवाड्यांच्या वंशावळी भाट लिहितात. विणकराच्या किंवा शेतमजुराच्या पणजोबाचें नांव कोण लिहून ठेवतो? बेल्जियमच्या इतिहासानें या प्रश्नास दिलेलें उत्तर मोठें विलक्षण आहे. तेथें हें काम केलें तें परक्या सैन्यामागून आलेल्या राजवटीनें. आणि तिच्या मनांत कोणाच्या पूर्वजांविषयीं आदर होता म्हणून नव्हे.

१७९४ च्या जूनमध्यें फ्लरूसच्या लढाईंत फ्रेंचांनीं ऑस्ट्रियाच्या फौजांचा पराभव केला व पुढील वर्षीं ऑक्टोबरांत हा मुलूख फ्रेंच प्रजासत्ताकास जोडला. तोंवर गांवचा धर्मोपदेशक बाप्तिस्मा, विवाह व दफन यांची नोंद ठेवीत असे. मजकूर बहुधा दोन-चार ओळींचाच. १७९६ च्या जूनपासून नवा कायदा लागू झाला आणि जन्म, विवाह व मृत्यु यांची नोंद सरकारी अधिकाऱ्याकडे आली. १७९८ सालीं सक्तीच्या लष्करभरतीचा कायदा झाला, तेव्हां या वह्यांचा एक उपयोग लोकांच्या ध्यानांत आला. कोणाच्या घरांत वीस वर्षांचा मुलगा आहे, हें त्या बिनचूक सांगत! त्याच वर्षाच्या अखेरीस शेतकऱ्यांनीं बंड केलें, त्यांत कित्येक ठिकाणीं याच वह्यांची होळी झाली. ज्यांना त्या जाळाव्याशा वाटल्या, त्यांचेच वंशज आज त्या वह्यांचें पान न् पान चाळीत आहेत.

ही पद्धति टिकली ती तिच्या शिस्तीमुळें. प्रत्येक नोंद दोन प्रतींत होई. एक प्रत गांवीं राही, दुसरी वर्षअखेर न्यायालयाकडे जाई. आगींत किंवा युद्धांत एक गेली, तरी दुसरी वांचण्याची आशा असे. शिवाय दर दहा वर्षांची नांववार सूची तयार होई. नांव ठाऊक असून साल ठाऊक नसेल, तर शोधकाचा पहिला आधार हीच सूची.

या तिन्ही नोंदींत विवाहाची नोंद सर्वांत समृद्ध. वधूवरांचें वय, जन्मस्थान व धंदा, दोन्हीकडील आईबापांचीं नांवें आणि चार साक्षीदार असा तो मजकूर असतो. नेपोलियनच्या १८०४ च्या संहितेप्रमाणें २५ वर्षांखालील मुलास व २१ वर्षांखालील मुलीस आईबापांच्या संमतीवांचून विवाह करतां येत नसे. आईबाप हयात नसतील, तर त्यांच्या मृत्यूचे दाखले जोडावे लागत; कित्येकदां आजाआजींचेही. अशा रीतीनें एका विवाहाच्या कागदांतून तीन पिढ्या उलगडतात. स्त्रियांची नोंद विवाहानंतरही माहेरच्या आडनांवानें होत असल्यामुळें आईकडील कुळाचा धागाही तुटत नाहीं.

अडचणी मात्र थोड्या नाहींत. १८०५ अखेरपर्यंतच्या तारखा प्रजासत्ताकाच्या पंचांगाप्रमाणें आहेत. ‘वर्ष ८, ब्रूमेर १८’ म्हणजे ९ नोव्हेंबर १७९९. राजवट बदलली कीं लिहिण्याची भाषाही बदले, आणि योहानेस, यान व झाँ हा एकच मनुष्य असूं शके. प्रांतांचीं नांवें पालटलीं, आणि १९७७ मध्यें २३५९ नगरपालिकांच्या ५९६ झाल्या. म्हणून शोध करावयाचा तो जुन्या गांवाचें नांव घट्ट धरून.

हें गांवाचें नांव किती मोलाचें असतें, तें परदेशीं गेलेल्यांच्या वंशजांस विचारावें. १८५३ सालीं ब्राबांत प्रांतांतील ग्रे-दुआसोच्या परिसरांतून दहा कुटुंबें अँटवर्पला आलीं व ‘क्विनेबॉग’ जहाजानें अमेरिकेस निघालीं. विस्कॉन्सिनमध्यें ग्रीन बे नजीक त्यांनीं जंगल तोडून शेती केली. मागून हजारों देशबांधव तेथें गेले. त्यांच्या नातवंडांनीं वालून बोली जपली, परंतु कागद मागें बेल्जियममध्येंच राहिले. पूर्वीं ते पाहावयाचे तर समुद्र ओलांडावा लागे. पुढें युटाच्या वंशावळी संस्थेनें या वह्यांचीं सूक्ष्मचित्रें घेतलीं. २०१३ पासून बेल्जियमच्या सरकारी दप्तरखान्यानें वह्यांचीं पानें इंटरनेटवर विनामूल्य खुलीं केलीं. आतां विस्कॉन्सिनमधील शेतकरी घरीं बसून पणजोबाच्या लग्नाचा कागद वाचूं शकतो. अलीकडील नोंदींवर मात्र पडदा आहे: जन्माच्या १०० वर्षें, विवाहाच्या ७५ व मृत्यूच्या ५० वर्षें खुल्या होत नाहींत.

नांव टाइप करतांच उत्तर मिळतें, तेथेंच थांबणारा शोधक मात्र फसतो. सूची कोणीतरी वाचून उतरलेली असते. एका अक्षराच्या चुकीनें भलतेंच कूळ गळ्यांत पडतें. म्हणून मूळ पानाचें चित्र पाहिल्यावांचून नांव वंशावळींत घालूं नये. शिवाय पानांत जें असतें तें सूचींत नसतें. मूल जन्मल्यावर तीन दिवसांत बापानें नगरगृहांत येऊन तें अधिकाऱ्यास दाखवावें, असा नियम होता. नोंदीच्या अखेरीस अधिकारी व साक्षीदार सह्या करीत; आणि पुष्कळदां बापाच्या नांवापुढें एवढेंच लिहिलेलें आढळतें कीं, यास सही करतां येत नाहीं. ज्यास स्वतःचें नांव लिहितां येत नव्हतें, त्याचें नांव, वय आणि धंदा दोन शतकांनंतरही वाचतां येतो. सरकारला हवा होता एक शिपाई किंवा एक करदाता. त्याच्या कुळास मात्र त्या ओळींत आपला पूर्वज सांपडला.