नाण्यांवरील राजमुखे आणि दाढी

कैसराला कर द्यावा की नाही, या प्रश्नाच्या प्रसंगी प्रभू येशूपुढे जे नाणे आणण्यात आले, त्यावर कोणाचे मुख होते याचा विचार आपण उपदेशांतून वारंवार करतो. ते मुख दिसत कसे होते, याचा विचार मात्र सहसा होत नाही. ते नाणे तिबिर्य कैसराचे चांदीचे दिनार असावे, असे सामान्यतः मानले जाते. त्या दिनारावर तिबिर्याच्या मस्तकी पानांची विजयमाला आहे, लेखात तो स्वतःस दिव्य औगुस्ताचा पुत्र म्हणवितो, आणि त्याची हनुवटी अगदी गुळगुळीत आहे. ज्या यहूदी गृहस्थांनी ते नाणे पुढे केले, त्यांस नियमशास्त्राने (लेवीय १९:२७) दाढीचे कोपरे बिघडविण्याची मनाई केली होती. दाढी राखणे हा ज्यांचा धर्म, त्यांच्या हाती दाढी काढणाऱ्या राजाचे मुख होते.

एवढ्यावरून कोणी प्रवचन उभारावे, असे आम्ही सुचवीत नाही. परंतु प्राचीन नाण्यांवरील दाढी ही केवळ न्हाव्याच्या वस्तऱ्याची बाब नव्हती. राजास आपण कोण आहोत हे प्रजेस सांगावयाचे असे, आणि ते सांगण्याचे दाढी हे एक साधन होते. ज्या काळी वृत्तपत्र नव्हते, छायाचित्र नव्हते, त्या काळी दूरच्या प्रांतांतील सामान्य मनुष्यास राजाचे मुख बहुधा नाण्यावरच दिसे.

अलेक्झांडरापूर्वी इराणी सम्राटांच्या सुभेदारांची मुखे नाण्यांवर आली, ती दाढीची होती. अलेक्झांडर स्वतः दाढी ठेवीत नसे. लढाईत शत्रूच्या हाती सापडू नये म्हणून त्याने आपल्या सैनिकांसही दाढ्या काढावयास लावल्या, अशी हकीकत प्लुटार्क देतो. कारण काहीही असो, त्याच्या मागून आलेल्या ग्रीक राजांपैकी बहुतेकांनी त्याचाच कित्ता गिरविला, आणि गुळगुळीत हनुवटी हे ग्रीक राजपदाचे चिन्ह होऊन बसले. त्यामुळे एखाद्या ग्रीक राजाने नाण्यावर दाढी दाखविली, की अभ्यासक थबकतो.

असा एक राजा म्हणजे सूरियाचा दुसरा देमेत्रिय. मक्काबींच्या पहिल्या ग्रंथात तो आपणांस भेटतो. शिमोनास व यहूदी लोकांस करमाफी देणारा तो हाच, आणि पार्थी राजाच्या हाती कैद झालेलाही हाच. इ. स. पूर्व १३८ च्या सुमारास तो पकडला गेला व इ. स. पूर्व १२९ मध्ये सुटून पुन्हा गादीवर बसला. कैदेपूर्वीच्या नाण्यांवर तो दाढी नसलेला तरुण आहे. परत आल्यावर अंत्युखियाच्या टांकसाळीतून निघालेल्या चांदीच्या मोठ्या नाण्यांवर मात्र त्याला लांब, कुरळी दाढी आहे, अगदी पार्थी राजांना शोभावी तशी. त्यास तिकडेच ही सवय लागली, असे कोणी म्हणतात. त्याच नाण्यांच्या मागील बाजूस झ्यूस देव सिंहासनावर बसलेला असल्यामुळे राजा देवासारखा दाखविला, असे दुसरे म्हणतात. आम्हांस याहून महत्त्वाची वाटते ती एक वेगळीच गोष्ट. त्याच वर्षांत सोर येथे पाडलेल्या नाण्यांवर तोच राजा पूर्वीसारखा दाढीविना, तरुण दिसतो! सोरच्या व्यापाऱ्यांस जे मुख ओळखीचे होते, तेच तेथील टांकसाळीने चालू ठेवले. नाण्यावरील मुख म्हणजे छायाचित्र नव्हे, हे देमेत्रियाच्या दोन चेहऱ्यांवरून जितके स्पष्ट होते तितके क्वचितच दुसऱ्या कशावरून होईल. ही गोष्ट पुढे आपल्या उपयोगी पडणार आहे.

रोमी लोकांत दाढी वाढविणे हे शोकाचे लक्षण होते. युलियस कैसराचा वध इ. स. पूर्व ४४ मध्ये झाला. त्यानंतरच्या नाण्यांवर त्याचा दत्तक पुत्र ऑक्टेव्हियन विरळ दाढीचा दिसतो, आणि इ. स. पूर्व ४२ च्या, दोन खंजिरांचे चित्र असलेल्या प्रसिद्ध नाण्यावर वध करणारा ब्रूटसही दाढीचाच आहे. एकाचा शोक पित्यासाठी, दुसऱ्याचा गतप्राण होत चाललेल्या प्रजासत्ताकासाठी, असे समजतात. इ. स. पूर्व ३९ मध्ये ऑक्टेव्हियनाने समारंभपूर्वक दाढी उतरविली. हाच पुढे औगुस्त कैसर झाला. त्याच्यामागून सुमारे एक शतक रोमच्या सम्राटांत गुळगुळीत हनुवटीचीच रीत राहिली. इ. स. ११७ मध्ये हेड्रियन गादीवर आला व त्याने ती परंपरा मोडली. चेहऱ्यावरील व्रण झाकण्यासाठी त्याने दाढी राखली, असे एक जुने चरित्र सांगते; ग्रीक विद्येवरील त्याचे प्रेम लक्षात घेता हे कारण पुरेसे वाटत नाही. मार्कस ऑरेलियस याची नाणी तर क्रमाने मांडली असता कोवळ्या मुलाची तत्त्वज्ञ पुरुषात होणारी वाढ दाढीवरूनच मोजता येते.

आता एक गोष्ट अशी, की जी आपल्या वाचकांस कदाचित उलटी वाटेल. ख्रिस्ती धर्मास आश्रय देणारा पहिला सम्राट कॉन्स्टंटाईन याने आरंभीच्या काही नाण्यांनंतर दाढी पार टाकून दिली. त्याचे पुत्रही तसेच. पवित्र पुरुष म्हटला की दाढी हवीच, असे मानणाऱ्या आपल्या मनास हे चमत्कारिक वाटते. दाढी पुन्हा आणली ती ख्रिस्ती विश्वास सोडून जुन्या देवतांकडे वळलेल्या युलियन सम्राटाने. आपण तत्त्वज्ञ आहोत, हे त्यास जगाला दाखवावयाचे होते. युवराज असताना नाण्यांवर तो दाढीविना आहे. स्वतंत्र सम्राट झाल्यावरच्या ब्राँझच्या मोठ्या नाण्यांवर एका बाजूस त्याची टोकदार दाढी व दुसऱ्या बाजूस बैल आहे. इ. स. ३६२ मध्ये तो अंत्युखियास राहावयास आला. शिष्यांना ज्या नगरात प्रथम ख्रिस्ती हे नाव मिळाले, ते हेच नगर. तेथील लोकांनी त्याच्या दाढीची व बैलाची यथेच्छ टवाळी केली. युलियनाने शिक्षा केली नाही, इ. स. ३६३ च्या आरंभी त्याने ‘दाढीद्वेष्टा’ अशा अर्थाच्या नावाचा एक उपहासग्रंथ लिहिला व त्यात स्वतःच्या दाढीत उवा हिंडतात इथपर्यंत स्वतःचीच थट्टा केली. त्याच वर्षी इराणच्या स्वारीत तो मारला गेला. त्याच्या मतांशी आपले जुळणे नाही, तथापि टवाळीस लेखणीने उत्तर देणारे सम्राट इतिहासात फार थोडे, हे मान्य केले पाहिजे.

आपल्या देशाशी संबंध असलेली एक दाढी येथे सांगितली पाहिजे. प्रेषित थोमाच्या कृत्यांचा जो प्राचीन ग्रंथ आहे, त्यात गुंदाफर नावाच्या राजाची कथा येते. पुष्कळ काळ हा राजा काल्पनिक समजला जाई. एकोणिसाव्या शतकात काबूलचे खोरे व पंजाब या भागांत गोंदोफरीस राजाची नाणी मिळू लागली, आणि त्यांवर पार्थी पद्धतीची दाढी असलेला, शिरपट्ट बांधलेला पुरुष दिसला. तख्त-ए-बाही येथील शिलालेख त्याच्या राज्याचे २६ वे वर्ष सांगतो. प्रचलित गणनेप्रमाणे ते इ. स. ४६ च्या सुमारास येते. म्हणजे काळ जुळतो. परंतु शिकविताना येथे जपावे. राजा होऊन गेला एवढे नाणी सांगतात. प्रेषित त्याच्या दरबारी गेले, हे ती सांगत नाहीत.

सर्वांत अधिक विचार करावयास लावणारे नाणे दुसऱ्या जस्टिनियनचे. इ. स. ६८५ ते ६९५ या त्याच्या पहिल्या कारकिर्दीत कॉन्स्टँटिनोपलच्या सुवर्णनाण्याच्या दर्शनी बाजूस प्रथमच सम्राटाऐवजी ख्रिस्ताचे मुख आले : लांब केस, भरदार दाढी, आणि भोवती राजांचा राजा असा लेख. सम्राट मागील बाजूस गेला व तेथे स्वतःस ख्रिस्ताचा दास म्हणवू लागला. इ. स. ६९५ मध्ये त्यास पदच्युत करून, नाक कापून, हद्दपार करण्यात आले. इ. स. ७०५ मध्ये तो पुन्हा गादीवर आला, तेव्हा त्याच्या नाण्यांवर ख्रिस्तही निराळा झाला. आता केस आखूड व कुरळे, दाढी अगदी लहान, मुख तरुण. एकच सम्राट, एकच प्रभू, आणि दहा वर्षांच्या अंतराने दोन चेहरे.

पाठ घेताना मुले विचारतात, प्रभू येशू खरोखर चित्रातल्यासारखेच दिसत होते काय? या प्रश्नास ही दोन नाणी प्रामाणिक उत्तर देतात. शुभवर्तमानांत प्रभूच्या रूपाचे वर्णन नाही. रोमच्या भुयारी कबरस्थानांतील जुन्या चित्रांत तो पुष्कळदा दाढीविना तरुण आहे. राव्हेन्ना येथील सहाव्या शतकातील एकाच मंदिरात चमत्कारांच्या चित्रांत त्यास दाढी नाही, दुःखसहनाच्या चित्रांत आहे. सहाव्या शतकातील इतिहासकार थिओडोर तर अशी कथा देतो की, ज्या चिताऱ्याने प्रभूस झ्यूससारखे रंगविले त्याचा हात वाळला. आणि आखूड, कुरळ्या केसांचे रूपच अधिक खरे, असेही तो म्हणतो. जस्टिनियनाचे दुसरे नाणे याच मताचे दिसते. दोन्ही रूपे मानवी परंपरेतून आली, आणि दोघांतील एकालाही प्रत्यक्ष पाहणाऱ्याची साक्ष म्हणता येत नाही, असे आमचे मत आहे. पहिले रूप आज आपल्या घराघरांतील तसबिरींत आहे, याचे कारण पुढील इतिहासात आहे.

जस्टिनियनानंतर ख्रिस्तमुख नाण्यांवरून गेले, आणि मूर्तिभंजनाच्या वादात शतकाहून अधिक काळ ते परतले नाही. इ. स. ८४३ मध्ये थिओडोरा राणीने प्रतिमांस पुन्हा मान्यता दिली. तेव्हा टांकसाळीने नमुना घेतला तो जस्टिनियनाच्या पहिल्या नाण्याचा, लांब केसांचा व भरदार दाढीचा. त्या सुवर्णनाण्याच्या मागील बाजूस थिओडोरा आहे, आणि तिच्याशेजारी तिचा पुत्र, सम्राट तिसरा मायकेल, त्या वेळी तीन वर्षांचा, दाढीचे वय अजून फार दूर असलेला.